घासतंय, पण किंचित

जुन्या जिप्सीला मोठे टायर बसवणाऱ्या माणसाला लोक उगाच दिखाऊ समजतात. दिखाऊ माणूस वेगळा. तो नव्या गाडीला चकचकीत अलॉय घालतो, चौकातून दोन फेऱ्या मारतो आणि मोकळा होतो. आपला हा गृहस्थ, त्याला आपण चाकवाढवा म्हणू, मोकळा कधी होतच नाही. त्याची गाडी रस्त्यापेक्षा गॅरेजात जास्त असते आणि तो गाडीत बसलेला कमी, गाडीखाली आडवा झालेलाच जास्त दिसतो. माझं म्हणणं असं की मोठा टायर हा त्याचा हेतूच नव्हे. टायर घासणं हा हेतू. टायर नुसतं निमित्त. ऐकायला हे विपरीत वाटेल, पण त्याच्या उपायांचा क्रम नीट पाहिला तर दुसरा निष्कर्ष निघत नाही.

आधी आकडे पाहू, तो पाहत नाही म्हणून तरी. मारुतीने जिप्सी आणली 1985 साली, 970 सीसीच्या इंजिनावर. 1996 मध्ये 1298 सीसीची ‘जिप्सी किंग’ आली. इंजिन बदललं, पण पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे ही मांडणी तशीच राहिली. किंगला कंपनीचा टायर 205/70 आर 15 मापाचा. चाकवाढवा त्या जागी 235/75 आर 15 आणतो, कारण त्याच्या गोतावळ्यात हेच माप खानदानी मानलं जातं. या मापांत गूढ काही नाही. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. टायरची कूस रुंदीच्या किती टक्के उंच आहे ते दुसरा सांगतो. शेवटचा रिमचा, इंचांत. सातवीतलं पोरही मांडून दाखवेल की चाकाचा व्यास 668 मिलिमीटरवरून 733च्या वर गेला. मडगार्ड मात्र होतं तिथेच आहे. रिम जुनंच ठेवलं तर टायर आतल्या बाजूला, म्हणजे पाट्यांकडे, 15 मिलिमीटर सरकतो तो वेगळाच. एवढा हिशेब पावतीच्या पाठीवर होतो. तो मात्र दुकानात उभ्या असलेल्या दुसऱ्या चाकवाढव्याला विचारतो, “बसेल ना?” उत्तर येतं, “बसतो की! किंचित घासेल.” त्या ‘किंचित’वर याचे डोळे लकाकतात आणि पैसे तिथेच मोजले जातात.

घासण्याच्या जाती दोन. स्टिअरिंग पूर्ण कापलं की टायरची आतली कड पाट्याला लागते, ही पहिली. गाडी खड्ड्यात आपटली की चाक वर जाऊन मडगार्डला भिडतं, ही दुसरी. पहिलीचा आवाज खरखरीत आणि लांबट. दुसरीचा एकच ‘खर्र’, आणि पाठोपाठ मागच्या सीटवरच्या सासूबाईंचा प्रश्न. कुठली जात आहे हे ओळखायची रीत सोपी आहे. पाट्याच्या कडेला आणि मडगार्डच्या आत खडू फासायचा, सावकाश एक फेरी मारायची आणि खडू कुठे पुसला ते बॅटरीच्या उजेडात बघायचं. चाकवाढवा ही परीक्षा मन लावून करतो. पुढचं एक चाक विटांवर चढवतो, मित्राला स्टिअरिंगवर बसवतो आणि स्वतः खाली जाऊन ओरडतो, “अजून डावीकडे! थांब! लागला!” हे ‘लागला’ ज्या सुरात येतं त्या सुरात लोक सहसा मुलाचा दहावीचा निकाल सांगतात. तक्रार असलेल्या माणसाचा हा सूर नव्हे.

आता उपाय. सर्वांत स्वस्त म्हणजे स्टॉपर बोल्टखाली दोन वॉशर टाकायचे, म्हणजे चाक पाट्यापर्यंत वळतच नाही. पण मग गाडीही वळत नाही. जो यू-टर्न एका दमात व्हायचा, तो तीन हप्त्यांत होतो आणि मागचे रिक्षावाले प्रत्येक हप्त्याची पोच देतात. म्हणून पुढे स्पेसर. इंचभर जाडीची ही चकती चाक 25 मिलिमीटर बाहेर ढकलते आणि पाट्याचं घासणं थांबतं. टायरची बाहेरची कड मात्र आता मूळ जागेहून 40 मिलिमीटर बाहेर आलेली असते, ती खड्ड्यात मडगार्डच्या ओठाला लागते. लग्नातल्या मानकऱ्यांसारखंच हे प्रकरण. एका मामाची समजूत काढून यावं, तोवर दुसरा रुसलेला. मग ग्राइंडर. मडगार्डचा ओठ कापला जातो, कापलेल्या कडेला रेडऑक्साइडचे दोन हात बसतात, ‘रंग पुढच्या महिन्यात’ असं ठरतं आणि ते तसंच ठरलेलं राहतं. मग लिफ्ट. लिफ्टची गंमत अशी की पाटे अ‍ॅक्सललाच बांधलेले असतात. बॉडी कितीही उचला, टायर आणि पाटा यांतलं अंतर केसभरही बदलत नाही. चाकवाढव्याला हे पुरतं ठाऊक असतं, तरी तो लिफ्ट करतो. लांब शॅकल घातल्याने कॅस्टरचा कोन बदलतो, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायला कुरकुरतं, प्रोपेलर शाफ्ट तिरका होऊन थरथरायला लागतो. हे झालं की त्याचा चेहरा खुलतो, कारण पुढच्या दोन दिवाळ्यांची सोय झाली. या सगळ्यात एकच उपाय कधी निघत नाही, तो म्हणजे जुने टायर परत लावायचे. ते जिन्याखाली प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवलेले असतात. एक तेवढा मागच्या दारावर स्टेपनी म्हणून मिरवतो. म्हणजे पंक्चर झालंच तर गाडी तीन पायांवर उंच आणि चौथ्यावर बुटकी.

यावर कुणी म्हणेल, आपल्या रस्त्यांना उंच गाडीच हवी. पावसाळ्यातला कोकणातला चिखल किंवा घाटातली दगडी वाट ज्याने पाहिली आहे, तो या म्हणण्याला हसणार नाही. मीही हसत नाही. पण मोठ्या टायरने अ‍ॅक्सल जमिनीपासून वर जातो तो व्यासवाढीच्या निम्मा, म्हणजे सव्वा इंच. ज्याला खरोखर चिखलातून जायचं असतं तो कंपनीच्याच मापाचे, खोल नक्षीचे टायर घेतो. त्याचं काही घासत नाही, म्हणून तो कुणाला माहीत नसतो. दुसरा युक्तिवाद खुद्द चाकवाढव्याचा: “अ‍ॅव्हरेज पडलं म्हणतात ते खोटं. चाक मोठं, म्हणून मीटर कमी दाखवतो.” हे बरोबर आहे. मीटरवर 80 असतात तेव्हा गाडी जवळपास 88 ने धावत असते. हाच हिशेब वेगमर्यादेलाही लागू होतो, हे मात्र त्याला दंडाची पावती आल्यावर सुचतं.

उरला शेवटचा आक्षेप: करू द्या की, कुणाचं काय जातं? त्या माणसाला पाटे, कॅस्टर, ऑफसेट यांतलं जे कळतं ते त्याच्या गाडीच्या विमा एजंटाला जन्मात कळणार नाही, हे मी मान्य करतो. मैत्रीही या घासण्यावरच टिकते. नीट चालणाऱ्या गाडीखाली रविवारी सकाळी चार मित्र जमत नाहीत. पण ब्रेक जुन्या चाकाच्या मापाने बनवलेले आहेत, आणि पाट्यावर रोज घासणारी टायरची कूस एखाद्या दिवशी घाटातच फाटू शकते. तिथे हौस एकट्याची राहत नाही. कायदाही आहे. मोटार वाहन कायदा, 1988चं कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्टही केलं. चाकवाढव्याचं त्यावर उत्तर तयार असतं: “बदल कुठाय? रिम तेच आहे!”

तेव्हा त्याला समजवायला जाऊ नका. त्याची जिप्सी विकत घ्यायची वेळ आली, तर दोन गोष्टी करा. आधी स्टिअरिंग दोन्ही टोकांना कापून चालवून पाहा आणि पाट्यालगतच्या कुशीवर बोट फिरवा. मग जिन्याखालचे टायर किमतीत धरून मागा, पण कुशीवरचा चार आकडी शिक्का वाचून. त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. फार जुने निघाले तर त्यांचे पैसे देऊ नका. आणि घरी आणून ते लावायच्या आधी, मोठेच राहू द्यावेत असं मनात आलं, तर आपल्या जिन्याखाली जागा किती आहे ते मोजून ठेवा.