आधी कार्ड, मग आकाश

दिल्लीत ड्रोन बाळगणाऱ्या माणसाला ते उडवण्याखेरीज सगळं करता येतं. पुसता येतं, चार्ज करता येतं, आल्यागेल्याला दाखवता येतं आणि मुख्य म्हणजे त्याच्यासाठी मेमरी कार्ड निवडता येतं. या शेवटच्या उद्योगाला कुठल्याही खात्याची परवानगी लागत नाही. त्यामुळेच राजधानीतल्या ड्रोनवाल्यांचं कार्डविषयक ज्ञान अफाट असतं.

परवानगीचं म्हणाल तर २०२१च्या ड्रोन नियमांनी देशाच्या आकाशाची हिरवी, पिवळी आणि लाल अशी वाटणी करून टाकली. हिरव्यात चारशे फुटांपर्यंत खुशाल उडवा, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाला विचारा, लालमध्ये उडवायचं तर थेट केंद्र सरकारचे पाय धरा. मध्य दिल्ली अर्थातच लालेलाल. एका अंगाला पालम, मध्ये सफदरजंग, आणि आम्ही राहतो त्या साहिबाबादच्या उशाला हिंडनचा हवाई तळ. शिवाय २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्ट जवळ आला की दिल्ली पोलिसांचा वेगळा मनाई हुकूम निघतो. त्यात पॅराग्लायडर आणि हॉट एअर बलूनच्या पंगतीला आमचं अडीचशे ग्रॅमच्या आतलं ड्रोनही बसतं. १७३७ साली बाजीराव पेशवे फौजेसह तालकटोऱ्यापर्यंत येऊन थडकले, तेव्हा त्यांना कुणी नकाशाचा रंग विचारला नव्हता. २०२५ साली त्याच तालकटोऱ्याच्या स्टेडियममध्ये मराठी साहित्य संमेलन भरलं, तर “तुझं ड्रोन आण ना, वरून घे सगळ्यांना” म्हणून गावाकडची मंडळी मागे लागली. मी सगळ्यांना खालूनच घेतलं.

असो. कार्ड. पंधरा मिलिमीटर लांब, अकरा रुंद, शिंक आली तर उडून जाईल असं हे प्रकरण. पण अंगावर तहसील कचेरीतल्या सात-बाऱ्यावर नसतील इतके शिक्के. सीच्या पोटात दहा, यूच्या पोटात तीन, बाजूला व्ही३०, खाली ए२ आणि कोपऱ्यात एक रोमन आकडा. चष्मा कपाळावर ढकलून मी हे वाचत बसतो तेव्हा सौभाग्यवतींना वाटतं, माझं काहीतरी गंभीर संशोधन चाललंय.

संशोधनाचं सार असं. यू३ आणि व्ही३० दोघंही एकच वचन देतात: सेकंदाला किमान तीस मेगाबाइट लिहून घेईन. ए२ हा शिक्का मोबाइलमधल्या ॲपसाठी. ड्रोनला त्याचं सोयरसुतक नाही. सगळ्यात ठळक छापलेला ‘१७०पर्यंत’ हा आकडा वाचनाचा वेग आहे, आणि ड्रोनला तर लिहायचं असतं. वाचन दांडगं, लेखन बेताचं, म्हणजे आपल्या साहित्यसृष्टीच्या नेमकं उलट.

आता ड्रोनची भूक किती? माहितीपत्रक म्हणतं, सेकंदाला शंभर मेगाबिट. आकडा ऐकून छाती दडपते, पण तो बिटचा. आठाने भागला की उरतात साडेबारा मेगाबाइट. म्हणजे व्ही३०चं साधं कार्ड दुपटीहून जास्त वेगाने हे गिळतं. वेग कमी पडला तर चित्रण मध्येच बंद पडतं हे खरं. पण म्हणून व्ही९०चं महाग कार्ड घातलं तर ड्रोन काही खूश होऊन जास्त सुंदर चित्र काढत नाही. तासाभराचं चित्रण पंचेचाळीस गिगाबाइटचं. बॅटरी टिकते जेमतेम अर्धा तास.

हे गणित मी एका रविवारी घरात मोठ्याने मांडलं.

“अहो, म्हणजे चौसष्टच्या कार्डात जवळजवळ तीन बॅटऱ्या बसल्या,” ही मटार सोलता सोलता म्हणाली. “मग ते पाचशे बाराचं कशाला बघताय?”

“साठवायला.”

“काय साठवायला? उडवलंय कुठे?”

बायकांना तांत्रिक बाबतीत पडू देऊ नये म्हणतात ते याचसाठी. त्या लगेच मुद्द्यावर येतात.

खरेदीसाठी चांदणी चौकातला कूचा चौधरी बाजार गाठला. दिल्लीतले लग्नाचे फोटोवाले कॅमेरे घेतात ते तिथे. एका काउंटरवर विचारलं, “असली है?” दुकानदार शांतपणे म्हणाला, “भाईसाहब, असली जैसा ही है.” इतका प्रामाणिकपणा बाजारात क्वचितच मिळतो, म्हणून त्याचे आभार मानून पुढच्या दुकानात गेलो.

नकली कार्डाची कला ऐकण्यासारखी आहे. आत जागा सोळाची, पण संगणकाने विचारलं की ते छातीठोकपणे १२८ सांगतं. सोळा भरले की पुढचं चित्रण आधीच्याच डोक्यावर बसतं किंवा हवेत विरतं, आणि तक्रार करत नाही. यावर उपाय एकच: घरी आणल्यावर कार्ड काठोकाठ भरायचं आणि परत वाचून पाहायचं. त्यासाठी एच२टेस्टडब्ल्यू नावाची फुकट आज्ञावली मिळते. मात्र १२८चं कार्ड ११९ दाखवतं म्हणून दुकानदाराच्या अंगावर धावून जाऊ नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या. मधल्या नऊचा चोर कुणीच नाही.

तेव्हा माझा सल्ला सरळ आहे. खात्रीच्या दुकानातून, पावती घेऊन, चौसष्टची दोन कार्डं घ्या, व्ही३० शिक्क्याची. एकच मोठं घेतलंत आणि ड्रोन आंब्यावर अडकलं तर सहलीचं सगळं चित्रण आंब्यावर. कार्ड ड्रोनमध्येच फॉरमॅट करा, चित्रण थांबवल्याशिवाय बॅटरी काढू नका. उडवायचं ते गावी जाऊन, हिरव्या आकाशात, स्वतःच्या उसावर. पुरातत्त्व खात्याच्या गडकिल्ल्यांवर तिथेही परवानगी लागते. आणि वाचलेल्या पैशात आधी गोवा एक्स्प्रेसचं दिवाळीचं तिकीट काढा. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि बघता बघता संपतं. तिथे कुठल्याच कार्डाचा वेग उपयोगी पडत नाही.