उपासाचा उष्मांक

आषाढी जवळ आली की बारीक होऊ पाहणाऱ्यांना विठ्ठलाइतकाच वजनकाट्याचाही ध्यास लागतो. पुण्य वाढेल, पोट उतरेल. पोळी बंद, भात बंद. मग ताटात येते तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचं कूट सढळ हातानं. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे 350 कॅलरी आणि प्रथिनं नावापुरती. तेवढ्याच शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर. पोळी बिचारी उगाच बदनाम!

गंमत म्हणजे साबुदाण्याचा कंद, बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली, गेल्या चार-पाचशे वर्षांत इकडे आलेली. त्यांना उपासाच्या ताटात मुक्तद्वार. हजारो वर्षं इथं पिकणारा गहू मात्र उंबऱ्याबाहेर. (दूध-फळांवर राहणारेही असतात म्हणा, पण त्यांच्याकडे फराळाला जातं कोण?)

दुपारी बटाट्याचा चिवडा, चारला राजगिऱ्याचा लाडू, रात्री भगर-आमटी. आणि द्वादशीला उपास सुटतो तो गोडाधोडावर, कारण काल दिवसभर पोटात अन्नाचा कण नव्हता.