गुणवत्तेची वैधता

बारावीचा निकाल लागला की कळवणच्या बसस्टँडसमोर मेरिट उगवतं. "आरक्षणामुळं हुशार पोरं मागं पडतात हो," म्हणत एक गृहस्थ बशीतला चहा फुंकतात. त्यांचे चिरंजीव खासगी वैद्यकीय महाविद्यालयात अनिवासी भारतीय कोट्यातून डॉक्टर होतायत. न्यूजर्सीचे मामा प्रायोजक आहेत. 'नीट'ची पात्रता गाठली, की बाकीचं काम मामा करतात. या 15 टक्के जागांच्या कोट्याला कोणी आरक्षण म्हणत नाही. डॉलरला जात नसते.

आता दळवटकडच्या डोंगरातली कोकणा पोरगी. गुण आहेत, प्रांताचा जातीचा दाखलाही आहे. पण 2000 सालच्या कायद्यानं राखीव जागेसाठी दाखल्याची पडताळणी हवी. पडताळणीला पुरावा हवा, आणि तो 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा असला तर वजनदार. म्हणजे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला.

आजोबांनी शाळा सोडली नव्हती. शाळेनंच त्यांना कधी धरलं नव्हतं. पाड्यावर शाळा नव्हती, म्हणून तर जागा राखाव्या लागल्या. आता शाळा मिळाली नाही हे पटवायला शाळेचाच कागद आणा! नाही? मग कोतवाल बुक शोधा. ते मोडीत? मग मोडी वाचणारा शोधा. शिवाय डोंगऱ्यादेवाचा उत्सव कसा करता, लग्नात काय रीत, हेही सांगा. बारावी पास झालेली पोर स्वतःच्याच कुळाची तोंडी परीक्षा देते.

खोटे आदिवासी घुसतात, चाळणी हवीच. ती खऱ्या आदिवासींनीच मागितली आहे. पण इतकी नामी चाळणी एकाच दारात का? गुणवत्तेलाही वैधता समिती नेमा. घराण्यात 1950 पूर्वीपासून गुणवत्ता होती, याचा पुरावा म्हणून पणजोबांची गुणपत्रिका जोडा, साक्षांकित, तीन प्रती. शिकवणीच्या फीच्या पावत्या सापडल्या तर दावा बाद, ती गुणवत्ता विकतची. स्वतंत्र खोली, इन्व्हर्टर आणि रात्री अकराला दूध आणून देणारी आई, प्रत्येकी दहा गुण वजा. मग तोंडी. कुलदैवत कोणतं, कोटा की लातूर? डोनेशन हा कुळधर्म की कुळाचार? मामा सख्खे, की प्रवेशापुरते? अडखळलात? त्रुटी. पुढची तारीख दिवाळीनंतर. तोवर प्रवेशाची मुदत संपेल म्हणता? संपू द्या. डोंगरातल्या पोरांची संपते, तेव्हा तुमचा चहा थांबतो का?

आणि हसणं पुरे. "कमी गुणांची" म्हणून जिला हिणवता, ती पाड्यावरच्या आजीला पोट नेमकं कुठं दुखतं ते तिच्याच बोलीत विचारेल. तुमच्या चिरंजीवांची डोंगरातल्या दवाखान्यात नेमणूक झाली, तर ती रद्द करायला वशिला शोधत पहिले धावणार तुम्हीच. अनुसूचित जमातींना राज्यात राखीव जागा अवघ्या 7 टक्के. त्या खुपतात. दवाखान्यातली डॉक्टरची रिकामी खुर्ची खुपत नाही, कारण तिच्यासाठी तुमच्या मेरिटनं कधी अर्जच केलेला नाही.