मुंबईला उतरलेला माणूस

‘रणांगण’ पुन्हा वाचून संपवली आणि एक गोष्ट पक्की झाली. हिला मराठीतली श्रेष्ठ प्रेमकथा म्हणून गौरवणारे आपण सगळे या कादंबरीला चुकवत आलो आहोत.

विश्राम बेडेकरांची ही एकुलती एक कादंबरी १९३९ची. युरोपातून पूर्वेकडे निघालेली एक बोट. बोटीवर घरी परतणारे हिंदी लोक आणि जर्मनीतून देशोधडीला लागलेले ज्यू. प्रेमभंगानंतर समस्त बायकांवर डूख धरून बसलेल्या चक्रधर विध्वंसला इथे हॅर्टा भेटते. तिचं घर, देश, प्रियकर सगळं हिटलरच्या राज्यात हिरावलं गेलंय. ती त्याच्यात जीव गुंतवते. मुंबई येते, तो उतरतो, बोट तिला घेऊन पुढे जाते.

याला आपण ताटातूट म्हणतो. पण ताटातुटीत दोघंही काहीतरी गमावून आपापल्या वाटेला लागतात. इथे वाट एकालाच आहे. त्याला बंदर आहे, भाषा आहे, घेऊन जाणारी माणसं आहेत. तिच्यासाठी जगाच्या नकाशावर उतरायची जागाच उरलेली नाही.

ही परिस्थिती कादंबरीकाराच्या कल्पनेतून आलेली नव्हती. जुलै १९३८मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ गावी ३२ देशांचे प्रतिनिधी निर्वासितांसाठी जमले. जवळजवळ सगळ्यांनी सहानुभूतीची भाषणं केली आणि दारं लावून घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरात जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली गेली. व्हिसा नसला तरी पाय ठेवता येईल असं शांघाय हे मोजक्या बंदरांपैकी एक होतं. हजारो ज्यू बोटींनी तिकडे निघाले, त्यांतल्या कित्येक बोटी मुंबईवरून गेल्या. म्हणजे ही गोष्ट आपल्याच धक्क्याला लागून पुढे गेलेली आहे.

मराठी कादंबरीवर फडके-खांडेकरांचं राज्य असलेल्या त्या काळात बेडेकरांनी हे लिहिलं, आणि नायकाला मोठं करायचं साफ नाकारलं. चक्रधर खलनायक नाही. तो विचार करतो, हळवा होतो, स्वतःलाही सोलून काढतो. परक्या सत्तेखाली जगणाऱ्याचा अपमान त्यानेही सोसलाय. एवढं असूनही तो उतरतो. माणूस संवेदनशील असला की पुरे, हा आपला लाडका समज बेडेकर इथे मोडून काढतात. हॅर्टाला त्याच्या हळवेपणाचा काडीचा उपयोग होत नाही. तिचा शेवट समुद्रातच होतो.

कादंबरीत एकही लढाई नाही, तरी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत युद्धाचीच आहे. हे युद्ध बोटीच्या डेकवर, जेवणाच्या टेबलाशी, दोन माणसांच्या मिठीतही शिरलेलं आहे. वंश, राष्ट्र, पासपोर्ट या गोष्टी दूर कुठेतरी सरकारं ठरवतात आणि त्यांचा हिशेब एका तरुण मुलीकडून वसूल होतो. हे दाखवायला बेडेकरांना एक छोटेखानी पुस्तक पुरलं. जाडजूड युद्धकादंबऱ्यांनाही हे क्वचित जमतं.

म्हणूनच ती प्रेमकथा म्हणून वाचण्याला माझा विरोध आहे. तशी वाचली की सगळा दोष नशिबावर टाकून मोकळं होता येतं. डोळे पुसायचे आणि पुस्तक मिटायचं. प्रत्यक्षात ही कादंबरी नशिबाला कुठेही जबाबदार धरत नाही. ज्यांनी दारं लावली त्यांना ती धरते आणि दार उघडं असूनही एकटाच आत गेलेल्यालाही धरते.

महाविद्यालयांत ‘रणांगण’ शिकवताना तिचं तंत्र, तिचा आधुनिकपणा, मराठी कादंबरीच्या इतिहासातलं तिचं स्थान यांवर तास खर्च होतात. त्यातला एक तास फक्त एका प्रश्नाला द्यावा: चक्रधरने मुंबईला काय करायला हवं होतं? उत्तर देताना वर्गातल्या प्रत्येकाला स्वतःविषयी बोलावं लागेल. बेडेकरांना तेच हवं होतं, अशी माझी खात्री आहे.