धवलारिणीच्या गळ्याजवळ माईक लावा

आमच्या अलिबाग-पेणच्या पट्ट्यात लग्नाचं शूटिंग ठरवताना एकच प्रश्न विचारला जातो. "फोर-के आहे ना?" समोरचा म्हणतो, "आहे." झालं, विसार हातात पडतो.

फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६० ठिपके, फुल एचडीच्या चौपट. एवढंच. रंग किती खरा येईल, रात्री मांडवात चित्र कसं दिसेल, मूळ शूटिंग किती दिवस सांभाळलं जाईल, यातलं काहीही त्या शब्दातून कळत नाही. आवाज कसा घेणार हे तर कोणी विचारतच नाही, आणि माझं भांडण तिथेच आहे.

गेल्या मे महिन्यात भाच्याची हळद होती. आगरी घरातली हळद, म्हणजे विधींची गाणी, धवले, म्हणणारी धवलारीण आलीच. देवांना बोलावण्यापासून हळद लागेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला वेगळा, आणि सगळं तोंडपाठ. सासूकडून सुनेकडे, आजीकडून नातीकडे आलेलं. शूटिंगवाला कॅमेरा सरसावून पुढे आला आणि तिला म्हणाला, "आजी, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय." ती सरकली. मांडवाच्या खांबाआड उभी राहून गात राहिली.

दोन महिन्यांनी पेन ड्राइव्ह आला. चित्र काचेसारखं स्वच्छ. धवलारीण दोनदा दिसते, ओठ हलताना. वर सिनेमाचं गाणं चिकटवलेलं. मी मूळ आवाज मागितला तर उत्तर आलं, "कार्ड फॉरमॅट केलं, पुढचं लग्न होतं." आणि ते कार्ड शिल्लक असतं तरी हाती फार काही लागलं नसतं. कॅमेऱ्यावरचाच माईक, आवाजाची पातळी ऑटोवर. बाहेर डीजे सुरू झाला की कॅमेरा सगळाच आवाज खाली दाबतो, त्यात म्हातारीचा गळा पार बुडतो. डीजे थांबला की तोच कॅमेरा आवाज उचलतो, तेव्हा पंख्याची घरघर आणि पातेल्यांचा खणखणाट वर येतो.

उपाय महाग नाही. धवलारिणीच्या पदराला एक कॉलर माईक लावायचा आणि खिशात मावेल असा रेकॉर्डर द्यायचा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाईल, पातळी हाताने लावलेली. एका माईकच्या तासभर आवाजाला साधारण अर्धा जीबी लागतो. फोर-के चित्र १०० मेगाबिटने घेतलं तर तासाला ४५ जीबी खातं. चित्रासाठी ४५ जीबी मोजायचे आणि जे पुन्हा कधी ऐकू येणार नाही त्याला अर्धा जीबी नाकारायचा? याला मी बेपर्वाई म्हणतो, दुसरा शब्द नाही.

हळदीच्या रंगाचंही तेच. पांढऱ्याचा तोल (व्हाइट बॅलन्स) ऑटोवर ठेवला की चौकटभर पिवळं बघून कॅमेऱ्याला वाटतं, दिव्याचाच रंग पिवळा आहे. मग तो निळा वाढवतो. नवऱ्याच्या गालावरची हळद राखेसारखी दिसते. हळद सुरू होण्याआधी मांडवाच्या दिव्याखाली पांढरा कागद धरा, तोल पक्का करा, मग हात लावू नका. दोन मिनिटांचं काम आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून फ्रेम २५ किंवा ५० आणि शटर १/५० किंवा १/१००. अमेरिकेतल्या पोरांचे व्हिडिओ बघून ६०च्या हिशोबाने शटर लावलं की ट्यूबलाइट लुकलुकायला लागते, आणि ती लुकलुक मिक्सिंगमध्ये नीट निघत नाही.

काशीदच्या किनाऱ्यावरच्या प्री-वेडिंग शूटिंगचं थोडक्यात सांगतो. लॉगमध्ये, म्हणजे फिक्या, सपाट रंगांत शूट करायचं आणि फाईल ८ बिटची ठेवायची, हा उद्योग बंद करा. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १० बिटमध्ये १०२४. संध्याकाळचं आभाळ २५६ पायऱ्यांत कोंबून मिक्सिंगला ताणलं की समुद्रावर पट्टे उमटतात. १० बिट नसेल तर साध्या प्रोफाइलवर नीट एक्स्पोजर घ्या, सूर्यास्त सुंदरच येईल.

मग कॅमेरा कोणता? माझं मत स्पष्ट आहे. हळदीचं आणि लग्नाचं शूटिंग करणाऱ्याने पहिला पैसा मोठ्या सेन्सरच्या मिररलेसवर घालू नये. दोन एक्सएलआर माईकची सोय, दोन कार्डं, आतच एनडी फिल्टर आणि लांबचा झूम असलेला कॅमकॉर्डर घ्यावा. सोनीचा एनएक्स १०० फुल एचडीच आहे, पण यातलं सगळं त्यात आहे. मेच्या उन्हात वाळूवर उभं राहून सलग तासभर चालेल असं यंत्र हवं, आणि एक कार्ड दगावलं तर दुसऱ्यावर तेच चित्र हवं. मिररलेस नंतर घ्या, जोडप्याच्या फोटोंसाठी.

शूटिंग करणारी पोरं वाईट नाहीत. कॅमेऱ्याचे हप्ते त्यांच्या डोक्यावर असतात आणि गिऱ्हाईक मागतं तेच ती विकत घेतात. म्हणून हे सगळं मी गिऱ्हाइकाला सांगतोय. विसार देताना लिहून घ्या: मूळ फाइली हार्ड डिस्कवर आम्हाला मिळतील. डिस्क तुमची, पैसे तुमचे. तिची एक प्रत मुंबईला किंवा डोंबिवलीला नातेवाइकाकडे ठेवा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने या किनाऱ्यावरच्या घरांची कौलं आणि पत्रे उडवले तेव्हा कपाटांतलं सगळं भिजलं. एकाच घरातल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत. पेन ड्राइव्ह टीव्हीला लावायला ठीक आहे, त्यात आठवणी साठवू नका.

भाच्याचा पेन ड्राइव्ह बघून झाला त्या रात्री मी ताईच्या हळदीची व्हीएचएस कॅसेट काढली. १९९७ची. वादळात ती वाचली, कारण ती ताईच्या सासरी होती. चित्र पार गेलेलं, रंग एकमेकांत उतरलेले, खाली पांढरी रेघ थरथरते. पण धवलारीण शब्दन् शब्द ऐकू येते. सनगनचा दिवा धरणाऱ्या पोराची वायर आतल्या बटणापर्यंतच पुरत होती, त्यामुळे कॅमेरा ओटीवरून हललाच नाही, आणि धवलारीण ओटीवरच बसलेली. बँडवाले तेव्हा जेवायला गेले होते. माझ्या शेजारी आई डोळे मिटून ऐकत होती. मी टीव्हीचा रंग नीट करायला उठलो तर म्हणाली, "राहू दे ते, आवाज वाढव."

ती धवलारीण आता नाही. मी कॅसेट डिजिटल करून घेतली, त्यातला अकरा मिनिटांचा आवाज वेगळा काढला आणि तिच्या सुनेच्या फोनवर पाठवला. सून आता ती फाईल थांबवत थांबवत ऐकते आणि धवला वहीत उतरवून घेते. दोन ठिकाणी शब्द लागत नव्हते, त्यासाठी परवा ती ताईकडे जाऊन बसली होती.