मार्जिनकाका

अंधेरीच्या सीप्झ-एमआयडीसी पट्ट्यात ऑफिस कुठलंही असो, तिथे एक मार्जिनकाका असतातच. बोरिवलीहून लोकल, अंधेरीहून मेट्रो, चकाल्याला उतरून वेळेआधी टेबलावर हजर. पंपाचं मॅन्युअल असो की सॉफ्टवेअरची मार्गदर्शिका, गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी ती काकांच्या नजरेखालून जाते.

‘‘काका, भाषा तेवढी बघून द्या,’’ म्हणून फाइल द्यावी. काका मान डोलावतात, चष्मा पुसतात आणि पहिल्याच पानावरचा मथळा बोल्ड करतात. झालं! मथळा ठळक झाला की पोटमथळा किरकोळ वाटतो. तो वाढवला की तक्ता पुढच्या पानावर उडी मारतो. तक्ता ओढून आणावा तर आकृती गायब. संध्याकाळपर्यंत आकृती सापडते. भाषा बघायची राहते.

त्यात ट्रॅक चेंजेस चालू. फाइल परत येते ती लाल खुणांनी माखून. लेखक बिचारा एकेक खूण तपासतो: फॉन्ट बदलला, इंडेंट वाढवला, ओळींतलं अंतर कमी केलं. या गर्दीत शब्दाची दुरुस्ती एकच, ‘कि’ची ‘की’. ‘पंप चालू असताना झाकण उघडा’ हे वाक्य मात्र जसंच्या तसं. फक्त आता सुबक चौकटीत.

मुलुंडहून येणारी नवी कॉपी एडिटर समजावते, ‘‘काका, आधी मी साध्या फाइलमध्ये मजकूर पक्का करते. त्यानंतर शब्दाला कुणी हात लावायचा नाही. मग तुम्ही स्टाइल लावा. एका जागी बदललंत की सगळीकडे बदलेल.’’

‘‘अगं, पण ओळ वाकडी असताना वाचायचं कसं?’’

काकांची खरी अडचण हीच. ओळ वाकडी दिसली की त्यांचं वाचन थांबतं आणि सरळ झाली की वाचायची गरजच उरत नाही.

तिनं डोनाल्ड क्नूथ यांचा दाखला दिला. 1977 मध्ये स्वतःच्या पुस्तकाची प्रुफं बघून हे प्राध्यापक इतके वैतागले, की अक्षरजुळणीसाठी ‘टेक’ ही प्रणालीच लिहायला बसले. थोडक्यात उरकेल वाटलेलं काम दहा वर्षं पुरलं. पानाचं दुखणं एकदाच यंत्राला समजावून मोकळं व्हावं, असा तिचा रोख. काकांनी आपल्या सोयीचं तेवढं उचललं: ‘‘बघ! दहा वर्षं! आणि मला उद्या सकाळपर्यंत मागता?’’

असे काका सोसायटीचे सेक्रेटरीही असतात. पाणी बंद असल्याची नोटीस त्यांनी रात्र जागून सजवली. दुहेरी चौकट, मधोमध मथळा, आणि बुधवारऐवजी मंगळवार. मंगळवारी भरलेल्या बादल्या शेजारी नळ धो धो वाहिला. बुधवारी बादल्याही रिकाम्या आणि नळही. संतापलेल्या एका आजोबांनी नोटिशीवर पेनानं ‘मंगळवार’ खोडून बाजूला ‘बुधवार’ लिहिलं.

काका कळवळले, ‘‘वार चुकला, मान्य. पण म्हणून मार्जिनमध्ये लिहायचं?’’