पान्यावर उभा राहणारा भाऊ

सालेकशात ज्याच्या दारात पिकअप, तो गावाचा भाऊ. धान निघालं की पोती राइस मिलपर्यंत तोच पोचवणार, म्हणून त्याच्या तोंडी कुणी लागत नाही. या भाऊचा एकाच यंत्रावर विश्वास: स्वतःचं वजन.

चाक बसवताना पंक्चरवाला पोरगा हबवरचा गंज ब्रशने घासू लागला की भाऊ हसतो. "काहून बे, पावडर लावतं का तिले?" गंजाचा पापुद्रा मध्ये राहिला तर रिम सपाट बसत नाही, आणि धावताना तो झडला की कसलेले नट सैल पडतात. पोराला हे ठाऊक आहे. नटाची निमुळती बाजू रिमकडे ठेवून आधी हातानं फिरवायचे, मग समोरासमोरचे आळीपाळीनं कसायचे, शेवटचा पीळ चाक जमिनीला टेकल्यावर, हेही ठाऊक आहे. पण पाना भाऊच्या हातात असतो.

भाऊ एका नटापासून सुरू करून शेजारशेजारचे कसत गोल फिरून येतो. मग सोहळा. पान्यात पाइप, पाइपवर भाऊ, एक हात फाळक्याला, आणि उड्या. ७० किलोचा माणूस अर्ध्या मीटरच्या दांड्यावर नुसता उभा राहिला तरी जोर ३४० न्यूटन-मीटरच्या घरात जातो. उड्यांचा आणि दुपारच्या जेवणाचा हिशेब वेगळा. कंपनीनं किती जोर सांगितलाय? ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे, प्लास्टिकसकट.

रिकाम्या गाडीचं स्टिअरिंग साठला थरथरतं. पोरगा म्हणतो, गोंदियाला बॅलन्सिंग करून घ्या, रिमला थोडं शिसं लागेल. भाऊ म्हणतो, "साठले हालते, ऐंशीले थांबते. मंग ऐंशीनं चालवायची!" वर अलाइनमेंट केल्याचं ऐकवतो. त्यानं चाकांचा रोख सुधारतो, तोल नाही; पण सांगणार कोण? गोंदियाची एक फेरी झाली की नट पुन्हा तपासा, एवढंच पोरगा पुटपुटला, तर भाऊ आठवडाभर रुसला.

माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा. भाविकांनी भरलेली पिकअप दरेकसाच्या रस्त्यावर मागच्या चाकावर बसली. पाना लावला, नट हलेना. पाइप लावला. एक चढला, दुसरा चढला, तिसऱ्यानं उडी मारली आणि कट्‌कन स्टडच मोडला. सगळे भाऊकडे बघू लागले. भाऊची छाती फुगली.

"पाहा! याले म्हणतेत कसणं."